सुई, चिमटा आणि दोष

श्रोतेहो, सिझेरियन ठरलं की आपल्या अंबाजोगाईत घरातली एखादी बाई हमखास विचारते, "पाठीत इंजेक्शन देणार का? जन्मभर कंबर धरते म्हणे." आम्हाला वाटतं, विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तो समजायला जरा मागं जाऊ या.

1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकीन यांनी त्यावर लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना लस दिली. त्यांतले 19 जण धनुर्वातानं गेले, आणि सगळे एकाच बाटलीतून टोचलेले! चौकशीत ठपका आला परळवर. हाफकीन यांना पद सोडावं लागलं. पण बाटली उघडायचा चिमटा तिथंच जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी हे लावून धरलं, तेव्हा 1907 साली हाफकीन दोषमुक्त झाले. 1925 साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं.

आता पाठीतल्या भुलीकडे येऊ. एपिड्यूरलमध्ये सुई मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत जाते, आणि औषध देत राहण्यासाठी बारीक नळी तिथंच ठेवतात. जंतू आत शिरले तर तिथं गळू होतं, नाहीतर मेंदूज्वर. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. जंतू येतात कुठून? रुग्णाच्या कातडीवरून, हातावरून, आणि भूल देणाऱ्याच्या तोंडातूनही. 2008-09 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क आणि ओहायो राज्यांत बाळंतपणात पाठीतून भूल घेतलेल्या पाच जणींना मेंदूज्वर झाला, एक दगावली. तपासात लाळेत राहणारे जंतू सापडले. ओहायोतल्या डॉक्टरांनी मास्क लावला नव्हता.

मुल्कोवालला चिमटा, ओहायोत उघडं तोंड. औषध दोन्हीकडे निर्दोष. घात झाला तो बाटली आणि शरीर यांच्यामधल्या चार हातांच्या वाटेवर.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कारण शोधण्याआधी दोषी शोधायचा, ही माणसाची जुनी खोड. तिच्यापायी हाफकीन यांची पाच वर्षं गेली. म्हणून मंडळी, सुईला भिऊ नका. सुई नवी आहे ना, हात धुतले ना, मास्क लावला ना, एवढं नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.