मस्टँगचा पंख चकाकत होता का? मॉडेल, पॉलिश आणि पुरावा



प्राथमिक साधनं म्हणजे काय, याची व्याख्या पेटच्या तयारीत तुम्ही दहा वेळा पाठ केली असेल. मीही केली होती. पण ती व्याख्या मला खरी कळली ती एका वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या विमानामुळे. आजचा लेख त्या विमानाबद्दल आहे. थोडा लांब आहे, पण सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी वाचा.

मला मॉडेल विमानं बनवायचा नाद आहे. गेल्या वर्षी मी दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान पी-५१डी मस्टँग १:४८ या प्रमाणात करायला घेतलं. ठरवलं होतं की हे विमान रंगवायचं नाही, धातूसारखं चकाकवायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. डबीतला चंदेरी रंग ब्रशने मारला तर मॉडेल स्टीलच्या कपाटासारखं दिसतं. कारण साधं आहे. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. समजा एक पापुद्रा २० मायक्रॉनचा आहे. १:४८ च्या हिशोबाने खऱ्या विमानावर तो जवळजवळ एक मिलिमीटरचा झाला! खऱ्या पत्र्यावर असे ठिपके नसतात, म्हणून डोळा लगेच ओळखतो की हा रंग आहे, धातू नाही.

मग करायचं काय? जुने मॉडेलवाले पातळ फॉइल चिकटवत, काही जण धातूची पूड घातलेलं मेण बोटाने घासत. आता लॅकर मिळतं, त्यातले कण अतिशय बारीक असतात. पण खरं काम लॅकरच्या आधीचं. प्लास्टिक पाणी लावून पॉलिशपेपरने घासायचं, आधी १००० नंबर, मग २०००, मग त्याहून बारीक. त्यावर चकचकीत काळा रंग. तो आरशासारखा सुकला की एअरब्रशने, हवेचा दाब कमी ठेवून, लॅकरचे दोन-तीन हलके हात. थर इतका पातळ बसतो की खालच्या काळ्या रंगाचा गुळगुळीतपणा तसाच वर येतो. खाली केसाएवढा ओरखडा असेल तर तोही वर येतो. धातूचा थर काहीच लपवत नाही, उलट चुगली करतो.

दोन महिने गेले. पंख असा झाला की त्यात ट्यूबलाइट दिसायची. मी खुशीत मॉडेल डिपार्टमेंटला नेलं. माझ्या गाइड सरांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सुंदर झालंय. पण पंख असा होता, हे कशावरून?"

मी मोबाइलमधले फोटो दाखवले. एका एअर शोमधलं मस्टँग, आरशासारखं. सर म्हणाले, "हा फोटो कधीचा?" फोटो पाच-सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यावर सर एवढंच बोलले, "मग हा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मस्टँगचा पुरावा झाला. तू १९४४ चं बनवतोयस ना?"

इथून मी शोधायला लागलो.

आधी पत्र्याची गोष्ट

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान बनत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असं आढळलं की ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात थंड केलं आणि काही दिवस ठेवलं, तर ते आपोआप कठीण होतं. हेच ड्युरॅल्युमिन. ताकद मिळाली, पण तांब्यामुळे गंज लवकर धरायला लागला. यावर १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत उपाय निघाला. मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवायचा. याला अल्क्लॅड म्हणतात.

ही आपल्या घरातली कल्हईच आहे! पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई नसेल तर ताक कळकतं. भांडं एक, संरक्षण करणारा थर दुसरा. विमानाचा पत्रा चमकतो तो याच वरच्या थरामुळे. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के असतो. म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यावर फक्त ५० मायक्रॉन. आणि कल्हईचं भांडं रोज काथ्याने खसाखसा घासलं तर काय होतं, हे आजीला विचारा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंग का उतरला?

युद्धाच्या पहिल्या वर्षांत अमेरिकी लष्करी विमानं वरून मळकट हिरवी आणि खालून राखाडी असत. १९४३ च्या अखेरीस ठरलं की नव्या विमानांवर हा कॅमफ्लाज द्यायचा नाही. रंगाचं वजन वाचतं, कारखान्यात वेळ वाचतो, वेग थोडा वाढतो. शिवाय हवेत वरचष्मा मिळू लागल्यावर जमिनीवर लपून राहण्याची गरज कमी झाली होती. १९४४ मध्ये बिनरंगी विमानं मोठ्या संख्येने दिसू लागली ती यामुळे. वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून कॉकपिटपुढचा पट्टा मात्र रंगवलेलाच राहिला.

एवढं वाचून मी निष्कर्ष काढला होता की मस्टँग १९४४ मध्ये बिनरंगी होतं, म्हणजे सगळं विमान उघड्या धातूचं होतं. वाक्य तर्काला धरून वाटतं ना? पण चुकीचं आहे.

पंखावर काय होतं?

मस्टँगचं पहिलं नमुना विमान २६ ऑक्टोबर १९४० रोजी उडालं. ते नॉर्थ अमेरिकन कंपनीने केलं होतं आणि मूळ मागणी ब्रिटनची होती. त्याचं वैशिष्ट्य होतं पंखाचा छेद. आजच्या नासाची पूर्वज संस्था असलेल्या एनएसीएच्या संशोधनावर तो आधारलेला होता. या पंखाचा सर्वांत जाड भाग नेहमीपेक्षा मागे असतो. हेतू असा की हवा पंखावरून जास्तीत जास्त अंतर शांतपणे, थरांत सरकावी आणि अवरोध कमी व्हावा. पण अशी हवा फार लहरी. एखाद्या रिव्हेटचं डोकं, दोन पत्र्यांमधली फट एवढंही तिला पुरतं.

म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट लांबी भरून बुजवत. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे बघितली असेल, तीच पुट्टी. मग घासायचं, प्रायमर द्यायचा आणि वर चंदेरी रंग! म्हणजे ज्या विमानाला आपण बिनरंगी म्हणतो, त्याचा पंख कारखान्यातून रंगवूनच बाहेर पडत होता. मागचा उभा रडर तर कापडाचा, त्यावरही चंदेरी डोप. उघडा पत्रा होता तो मुख्यतः धडावर.

आता गंमत बघा. प्रत्यक्ष वापरात धूळ, चिकटलेले किडे, पत्र्याला पडलेले पोचे यांमुळे त्या शांत प्रवाहाचा फायदा ठरवल्याएवढा मिळतच नसे. पण लांबी आणि रंग मात्र होताच. माझ्या मॉडेलच्या पंखावर मी जो एकेक रिव्हेट जपून चकाकवला होता, तो खऱ्या विमानावर बुजवलेला होता.

मग आरशासारखे पंख आले कुठून?

हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. युद्धानंतर ही विमानं विक्रीला निघाली. काही शर्यतीत उतरली, काही खाजगी मालकांकडे गेली. नव्या मालकाला युद्धकाळातला कारखान्याचा हिशोब पाळायचं बंधन नव्हतं. जुनी लांबी आणि रंग काढला की खाली सुंदर पत्रा मिळतो, आणि तो पॉलिश केला की एअर शोला आलेले लोक थांबून बघतात. त्यात गैर काहीच नाही, विमान त्यांचं आहे. अडचण पुढे होते. तेच विमान पुस्तकात छापलं जातं, पुस्तक बघून किट बनतं, किट बघून माझ्यासारखा मॉडेल करतो आणि ते मॉडेल बघून कोणी म्हणतो, "अच्छा, मस्टँग असं होतं तर!" एक वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यात १९४४ कुठेच नसतं.

आता मघाचा कल्हईचा मुद्दा. पॉलिश म्हणजे थोडा धातू काढून टाकणं. दर वेळी त्या ५० मायक्रॉनमधला काही भाग जातो. त्या काळच्या पत्र्यावर गिरणीचे शाईचे शिक्के असत, पत्र्याचा प्रकार सांगणारे. ते जातात. कारागिराने हत्याराने केलेल्या खुणा जातात. वस्तू जितकी जास्त चकाकते, तितकं तिच्यावर लिहिलेलं कमी उरतं. संग्रहालयातली कुठलीही वस्तू बघताना विचारा की ही कोणी, कधी, कशासाठी साफ केली?

जुना फोटो कसा वाचायचा?

मग मी युद्धकाळातल्या कृष्णधवल फोटोंकडे गेलो. उघडा पत्रा आरशासारखा वागतो. त्यात कुठे आकाश दिसतं, कुठे जमीन, म्हणून शेजारचे दोन पत्रे एक पांढरा तर एक काळपट दिसतो. रंगवलेला पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो एकसारखा, मंद दिसतो. हे कळल्यावर तेच फोटो पुन्हा बघितले. धड ठिगळं लावल्यासारखं, पंख सपाट राखाडी. पुरावा पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता, पण काय बघायचं हे माहीत नव्हतं.

इथेही घाई नको. कारखान्याच्या दारात प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो नव्या कोऱ्या विमानाचा असतो, तळावरचा फोटो वापरलेल्या विमानाचा. वापरात रंग घासला जाई, दुरुस्तीत पत्रे बदलत. त्यामुळे "मस्टँगचा पंख" असं सरसकट म्हणण्याआधी कोणतं विमान आणि कोणता महिना, हे विचारावं लागतं.

मॉडेल कशासाठी?

शोधता शोधता आणखी एक गोष्ट हाती लागली. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल विमानं मागवली. प्रमाण १:७२ आणि रंग चक्क काळा! चकाकी नाही, खिडक्यांची नक्षी नाही. कारण ती सैनिकांना आकारावरून विमान ओळखायला शिकवण्यासाठी होती. दहा मीटरवर धरलेलं मॉडेल ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, आणि त्या अंतरावर दिसते ती फक्त बाह्याकृती.

ही काळी मॉडेल्स अपुरी होती का? मुळीच नाही. त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता, तेवढ्याचं उत्तर ती चोख देत होती. माझ्या मॉडेलचा घोटाळा असा होता की मी प्रश्न "१९४४ मध्ये कसं होतं?" असा लिहिला आणि उत्तर "लोकांना काय आवडेल?" याचं दिलं.

तुमच्या कामात

खरं सांगायचं तर हाच घोटाळा माझ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यातही होता. एका डागडुजी केलेल्या वस्तूचं वर्णन मी सरळ मूळ काळाचं वर्णन म्हणून लिहिलं होतं. दीड पान काढावं लागलं. वाईट वाटलं, पण आरआरसीसमोर काढावं लागण्यापेक्षा बरं.

आता साधन हातात आलं की मी तीन गोष्टी वहीत लिहितो. हे कोणत्या काळाबद्दल बोलतंय आणि स्वतः कोणत्या काळातलं आहे? मधल्या काळात याला कोणाचे हात लागले? आणि त्या हातांना काय हवं होतं? किल्ल्याची नवी डागडुजी असो, छापील बखर असो किंवा आजोबांनी सांगितलेली आठवण, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात. तुमच्या विषयातलं सर्वांत चकचकीत साधन निवडा आणि त्याच्यावर एकदा चालवून बघा.

मॉडेलचं काय झालं? पंख पुन्हा घासला. जे रिव्हेट मी जपले होते ते लांबी भरून बुजवले आणि त्यावर साधा, मंद चंदेरी रंग मारला. धड अजून चकाकतं. घरी येणारे पाहुणे हमखास विचारतात, "पंख पॉलिश करायचे राहिले वाटतं?" मी चहा ठेवतो आणि त्यांना ही सगळी गोष्ट सांगतो.