लहरियाची कुंची

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत लोकर म्हणजे ऊन, सुई म्हणजे सलाई आणि टाका म्हणजे फंदा. पुण्याची मामी हसायची, "अगं, ऊन अंगणात पडतं!" हसू दे. थंडी आमच्याकडे पडते, तेव्हा शब्दही आमचेच.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि त्या लष्करचंच गाव झालं. बाळंतविड्याची रीत आपली माणसं बरोबर घेऊन आली. झबलं, टोपडं, दुपटं, कुंची. कुंची मूळची खणाची नाहीतर रेशमी. पण जानेवारीच्या गारठ्यात खण काय पुरणार? आमच्या घरात ती उनाची झाली. वर पांढरी जाळी, आत गुलाबी सॅटिनचं अस्तर, भोकाभोकांतून रंग डोकावणारा.

ही जाळी मूळची आपली नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायकांच्या शाली इतक्या तलम, की बोटातल्या अंगठीतून ओढून काढाव्यात. १८४० च्या सुमारास तिकडे विणकामाची पुस्तकं छापली जाऊ लागली. मडमा आणि मिशनच्या शाळा यांच्यामार्फत ही वीण इकडे पोचली. आजी शाळेत गेलेली नव्हती. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या हाताकडे बघून शिकली. ऊन कानपूरच्या लाल इमलीचं.

ती तिच्या जाळीला लहरिया म्हणे. अठरा फंद्यांचं एक घर: आधी तीन जोड्या, मग सहा वेळा सलाईवर ऊन घेऊन एकेक सीधा, पुन्हा तीन जोड्या. भोक पाडलं की फंदा वाढतो, जोडी केली की घटतो. शेवटी अठराचे अठराच. भोकं एकीकडे, जोड्या दुसरीकडे, म्हणून विणीला लाट येते. शेटलंडची एक जुनी वीण अगदी हीच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आजी तेविसाव्या वर्षी विधवा झाली. गल्लीत कुणाकडे दिवस गेले की कुंचीचा निरोप यायचा, बारशाचं बोलावणं मात्र नाही. बाळ तिची कुंची घालून पाळण्यात, आणि आजी घरी सलाया घेऊन. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला आईनं तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं आणि दोरी हातात दिली. दोन बायका न जेवता उठून गेल्या. आई म्हणाली, "जाऊ देत, घुगऱ्या उरतील." आजीनं दोरी सोडली नाही.

तीच कुंची गेल्या महिन्यात नातीसाठी काढली. सॅटिन चिरलं होतं. मी हुशारी केली. नवं अस्तर जाळीला अगदी तंग, जागोजागी टाचून बसवलं. जाळी ताणते, सॅटिन ताणत नाही. घालून बघताना एक फंदा तुटला आणि उसवत चार ओळी खाली गेला. मग उसवलेलं जुनं अस्तर नीट बघितलं. आजीनं ते फक्त कडेला शिवलं होतं, तेही ढिलं, मध्ये एकही टाका नाही. क्रोशाच्या सुईनं फंदे वर उचलून घेतले. दुरुस्ती दिसते, दिसू दे.

रविवारी बारसं आहे. मुलीच्या सासूबाई यजमान गेल्यापासून अशा कार्यांना येत नाहीत. काल मी फोन केला, "दोरी तुम्हीच धरायची, सकाळी नऊला गाडी पाठवते."