घरच्या संगणकातले व्हिडिओ कार्ड: लिपीपासून खेळांपर्यंत

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आणलेल्या पहिल्या वैयक्तिक संगणकाच्या मदरबोर्डवर मॉनिटर जोडायची सोयच नव्हती. पडद्यावर काही दिसायचे, तर पाचपैकी एका स्लॉटमध्ये व्हिडिओ कार्ड बसवावे लागे आणि कोणते कार्ड बसवले ते मदरबोर्डवरच्या बारीक स्विचांनी सांगावे लागे. मराठवाड्यातल्या घरांत संगणक पोचायला मात्र बराच काळ जावा लागला; १९८४च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, तरी किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच होती.

मराठीची अडचण या कार्डापाशीच होती. आयबीएमच्या मजकूर दाखवणाऱ्या एमडीए कार्डावर २५६ चिन्हांचे आकार रॉम चिपमध्ये कायमचे भरलेले असत आणि त्यांत देवनागरी नव्हती. त्यावर उपाय निघाला तोही कार्डाच्याच रूपात. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले आणि जिस्ट कार्ड तयार केले. ते स्लॉटमध्ये बसवले की डॉसवरचे, इंग्रजीसाठी लिहिलेले मजकुराचे प्रोग्रामही मराठी अक्षरे दाखवू लागत. पडदा नुसता आहे त्याहून सरस करण्यासाठी नव्हे, तर आपली लिपी दिसावी म्हणून सीपीयूचा डबा उघडावा लागला, हे मराठी संगणकाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे. पुढे विंडोजने देवनागरीचे काम सॉफ्टवेअरमध्येच केले आणि या कार्डाची गरज सरली.

त्यानंतर कार्ड बदलण्याचे कारण प्रामुख्याने खेळ हे झाले. विंडोज ९५ आणि प्लग अँड प्लेमुळे जंपर लावण्याची कटकट बरीच कमी झाली. १९९७च्या सुमारास एजीपी स्लॉट आला. त्यात ३.३ आणि १.५ व्होल्टच्या कार्डांची खाच वेगवेगळ्या जागी असे. न जुळणारे कार्ड जोर लावून बसवणे म्हणजे मदरबोर्ड धोक्यात घालणे. दरम्यान, १९९९पासून इंटेलच्या ८१० सारख्या चिपसेटमध्ये ग्राफिक्सची सोय आतच येऊ लागली. स्वस्तात असेंबल केलेल्या संगणकांना याचा मोठा आधार झाला. टायपिंग, हिशेब आणि एमएस-सीआयटीचा सराव यांसाठी तेवढे पुरे होते, त्यामुळे अनेक घरांत वेगळे कार्ड कधी आलेच नाही.

२००४पासून रुळलेल्या पीसीआय एक्सप्रेसने बसवण्याचे काम सोपे केले, पण विजेचा प्रश्न पुढे आणला. हा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या भागातून, वेगळी वायर द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. मराठवाड्यात त्या काळी भारनियमन तासन्‌तास चाले. घरचा यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. मोठे कार्ड आणि जाडजूड सीआरटी मॉनिटर दोन्ही त्यावर असले, की वीज जाताच यूपीएसही मान टाकण्याची शक्यता असे. म्हणून कार्ड निवडताना एसएमपीएसचे लेबल आधी वाचणे हाच शहाणपणा होता.

प्रत्यक्ष बसवण्याची रीत आजही तीच आहे. वीज बंद करून प्लग काढायचा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. कोरड्या हिवाळ्यात हे विसरू नये. डब्यामागची पट्टी काढून कार्ड सरळ दाबले की स्लॉटची खिटी ‘टक्‌’ करून बसते. मग स्क्रू आवळायचा आणि विजेची वायर जोडायची. जुन्या कार्डाचे सोनेरी संपर्क काळवंडले असतील तर खोडरबराने अलगद पुसण्याची दुरुस्तीवाल्यांची युक्ती बऱ्याचदा कामी येते; मात्र रबराचा भुगा झटकूनच कार्ड आत घालावे. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, नव्या कार्डाच्या सॉकेटमध्ये लावायची आणि संगणक सुरू करून ड्रायव्हर टाकायचा.