उन्हात ठेवलेले सेल, डोंगरी बुजुर्गची काळी माती आणि लॅपटॉपची उतरती बॅटरी

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्याचे गाव. (गोंदियाजवळही एक एकोडी आहे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत ही दोन्ही गावे भंडाऱ्यातच होती. या थ्रेडमधील एकोडी साकोलीची.)

पाच-सहा वर्षे वापरलेला लॅपटॉप या गावात कुणाच्या घरी असेल, तर तो बहुधा भिंतीवरच्या प्लगला जखडलेला दिसेल. नवा असताना चार-पाच तास चालणारे यंत्र आता अर्ध्या-पाऊण तासात मान टाकते. वीज गेली की अर्धा भरलेला परीक्षेचा अर्जही त्याबरोबर जातो. बॅटरी ‘उतरते’ म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक मोठा तुकडा याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत सापडतो.

आधी शब्दाकडे पाहू. ग्रामीण मराठीत ‘बॅटरी’ म्हणजे हातातली विजेरी. तिच्या पोटात जातात ते ‘सेल’. रात्री धानाला पाणी द्यायला बांधावर जाणाऱ्याच्या हाती बॅटरी असे आणि घरात ट्रान्झिस्टर असे. दोहोंचे सेल एकाच वेळी नवे घेणे परवडत नसे. प्रकाश पिवळा पडू लागला की सेल काढून अंगणात उन्हात ठेवायचे. काही जण सेलला खिळ्याने भोक पाडून त्यात मिठाचे पाणी सोडत. अगदीच निकामी झाला की मुले तो फोडत आणि आतली कार्बनची कांडी भिंतीवर रेघोट्या ओढायला घेत. हाताला लागलेली काळी भुकटी मात्र दोन दिवस जात नसे.

ती काळी भुकटी हीच या कथेची नायिका: मँगनीज डायऑक्साइड.

१८६६ साली जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने नवा विद्युतघट सिद्ध केला. जस्ताची कांडी, नवसागराचे द्रावण आणि सच्छिद्र मातीच्या भांड्यात कोळशाबरोबर कुटलेले मँगनीज डायऑक्साइड, एवढीच त्याची सामग्री. घट चालू असताना आत हायड्रोजन साठून प्रवाह मंदावतो. मँगनीज डायऑक्साइड त्या हायड्रोजनला सामावून घेते, ही त्यातली युक्ती. बेल्जियमच्या तारखात्याने तो लवकरच स्वीकारला. पुढे १८८६ च्या सुमारास कार्ल गासनर या जर्मन डॉक्टरने द्रावणाच्या जागी लगदा भरला आणि जस्ताचेच भांडे केले. सांडणार नाही, उलटा धरला तरी चालेल असा ‘कोरडा’ सेल त्यातून जन्मला. विजेरी आणि ट्रान्झिस्टर ही त्याचीच पुढची घराणी.

आता उन्हाचे रहस्य उलगडते. सतत प्रवाह घेतला की मँगनीजच्या कणांचा बाहेरचा थर आधी थकतो, आतला भाग तसाच राहतो. विश्रांती दिली आणि ऊब दिली की आतल्या हालचालींना वेग येतो आणि सेल थोडा सावरतो. उन्हातून नवी शक्ती येत नसे, उरलेली तेवढी बाहेर निघे. मिठाच्या पाण्याचेही तेच, वाळलेल्या लगद्याला ते ओलावा देई. अंगणातले हे शहाणपण अडाणी नव्हते. त्या रसायनापुरते ते बरोबर होते.

तुमसर परिसरातील मँगनीज जगाच्या बाजारात आले ते मात्र विजेरीसाठी नव्हे, पोलादासाठी. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था उभी राहिली. तिचेच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत रूपांतर झाले. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात खाणी उघडल्या. १९०५ च्या क्रांतिकारी धामधुमीत रशियाच्या ताब्यातील कॉकेशसमधून होणारा पुरवठा विस्कळीत झाला आणि भारतीय मँगनीजला एकाएकी भाव आला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे लुई ली फर्मॉर याच काळात या टेकड्या पायाखाली घालत होते. १९०९ साली प्रसिद्ध झालेला भारतातील मँगनीज साठ्यांवरचा त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. येथील एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी नाव दिले ‘गोंडाइट’, गोंडांवरून. ज्यांच्या जमिनीखाली हे धन होते त्यांचे नाव खडकाला मिळाले. धन स्वतः बंदरांकडे गेले. वसाहतीच्या अर्थकारणाचे इतके नेटके चित्र क्वचितच सापडते.

खाणीचा हिशेब एवढ्यावर थांबत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली तर चाल बिघडते, चेहरा निर्विकार होतो, आवाज खोल जातो. जॉन कूपर या डॉक्टरने १८३७ मध्येच ग्लासगोच्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदवला होता.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची ‘मॉइल’, स्थापन झाली. केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांकडे मिळून ५१ टक्के आणि जुन्या ब्रिटिश कंपनीकडे ४९ टक्के भाग होते. तो परकीय हिस्साही १९७७ मध्ये विकत घेतला गेला. भंडारा जिल्ह्यात मॉइलच्या दोन खाणी आहेत: चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. दुसरी उघडी खाण आहे आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिथे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज मिळते. कोरड्या सेलच्या कारखान्यांना हेच लागते. पुढे तेथे विद्युतविच्छेदनी मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना देशी तंत्रज्ञानावर उभा राहिला. त्याची वार्षिक क्षमता १,५०० टनांपर्यंत गेली. खनिज भाजायचे, गंधकाम्लात विरघळवायचे, द्रावण शुद्ध करायचे, मग विजेच्या साहाय्याने शुद्ध डायऑक्साइड धनाग्रावर चढवायचा आणि खरवडून दळायचा, अशी ही कृती. म्हणजे साकोली तालुक्याच्या अंगणात उन्हाला ठेवलेल्या एखाद्या सेलमधला काळा मसाला याच जिल्ह्यातून निघून, कुठल्यातरी दूरच्या कारखान्याला वळसा घालून घरी परतलेला असणे सहज शक्य होते.

लॅपटॉपचा सेल या घराण्यातला नाही. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. त्याच्या पायाभूत संशोधनासाठी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण नायिका इथेही डोकावतेच. १९८३ मध्ये मायकेल थॅकरे यांनी गुडइनफ यांच्यासोबत ऑक्सफर्डमध्ये लिथियम आणि मँगनीजच्या संयुगाचा धनाग्र म्हणून अभ्यास मांडला. तो कोबाल्टपेक्षा स्वस्त होता. मात्र उष्णतेत मँगनीज हळूहळू विरघळते आणि सेलची क्षमता घटवते. म्हणून अनेक सेलांत ते निकेल आणि कोबाल्टच्या संगतीने वापरले जाते.

आणि इथेच अंगणातले शहाणपण उलटे पडते. लिथियमचा सेल झिजतो तो वेगळ्या कारणाने. पहिल्या चार्जिंगपासूनच ऋणाग्रावर एक पातळ थर धरतो. तो आवश्यक असतो, पण वाढतच राहतो आणि प्रत्येक वाढीत थोडे लिथियम कायमचे अडकते. ते विश्रांतीने परत येत नाही, उन्हाने तर नाहीच. तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भंडाऱ्याचा मे महिना, ४५ अंशांच्या आसपासचा पारा, पत्र्याचे छप्पर, गादीवर ठेवलेला लॅपटॉप आणि रात्रंदिवस १०० टक्क्यांवर टेकलेले चार्जिंग: आजोबांचा सेल ज्याने सावरे, त्यानेच नातवाची बॅटरी लवकर म्हातारी होते. खिळा आणि मिठाचे पाणी तर आता जिवावर बेतणारे आहे. भोक पडलेला लिथियम सेल पेट घेतो.

मग हाती काय उरते? प्रथम मोजणे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन आकडे त्यात शेजारी दिसतात. बहुतेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते १,००० पूर्ण चार्जिंग-फेऱ्यांत मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतील, अशा बेताने घडवलेल्या असतात. क्षमता निम्म्यावर आली असेल तर दोष चार्जरचा नाही, वयाचा आहे. यंत्र सतत प्लगलाच राहणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करावी. बऱ्याच कंपन्या ती देतात. लॅपटॉप गादीऐवजी पाटावर किंवा फळीवर ठेवावा, खालचा पंखा साफ करावा. महिनाभर बंद ठेवायचा असेल तर निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवावा. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर त्या क्षणी थांबवावा आणि ती दुकानातच काढून घ्यावी. नाहीतर बॅटरी बदलणे हाच उपाय. नव्या यंत्रापेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो. फक्त पेटीवरची निर्मितीची तारीख पाहावी, कारण लिथियमचा सेल कपाटात पडूनही म्हातारा होतो.

काढलेल्या बॅटरीचे काय, हा प्रश्न विजेरीच्या काळात कुणी विचारला नव्हता. फुटके सेल उकिरड्यावर जात आणि शेणखताबरोबर शेतात. २००१ चे बॅटरीविषयक नियम केवळ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २४ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तोवर कागदावरच्या उत्पादकाचे काम गावोगाव सायकलवर फिरणारा भंगारवालाच करतो आहे. तो लॅपटॉपची जुनी बॅटरी लोखंडाच्या भावाने घेतो आणि लोखंडाच्याच पोत्यात टाकतो.