चहाच्या दुकानांतून वर्गापर्यंत : एमआयएस या विषयाची जडणघडण

व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेला ‘एमआयएस’, हा विषय आज व्यवस्थापनाच्या बहुतेक पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत असतो. संस्थेच्या रोजच्या व्यवहारांतून निघणारी माहिती गोळा करणे, ती तपासून संगतवार लावणे आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापुढे ती वेळेत ठेवणे, एवढा त्याचा गाभा. विद्यापीठात हा विषय येऊन जेमतेम साठ वर्षे झाली. या विषयात पुढे जे शिकवले गेले त्यातले बरेचसे मात्र त्याआधीच लंडनमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या हिशेब खात्यात करून पाहिले गेले होते.

ही कंपनी म्हणजे जे. लायन्स अँड कंपनी. पिकॅडिली भागात १८९४ साली तिचे पहिले टीशॉप उघडले आणि पुढे अशा दुकानांचे जाळेच पसरले. चहा, पाव, केक, पाय असे पदार्थ तेथे स्वस्तात मिळत. एकेका विक्रीतला नफा अगदी किरकोळ, पण विक्री अफाट. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीवर होणारा कारकुनी खर्च नफा खाऊन टाकील, ही धास्ती कंपनीला कायम होती. केंब्रिजमध्ये गणित शिकलेले जॉन सिमन्स १९२३ साली कंपनीत आले. कोणता तक्ता कोण भरतो, तो पुढे कोणाकडे जातो आणि तो वाचून कोणी काही करतो का, हे प्रश्न त्यांनी लावून धरले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस याच कामासाठी कंपनीत एक स्वतंत्र कचेरी सुरू झाली. संगणक तेव्हा कोठेच नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, कचेरीतील कामाच्या नव्या पद्धती पाहण्यासाठी ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड आणि टी. आर. थॉम्पसन हे कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेला गेले. प्रिन्स्टनमध्ये त्यांची गाठ संगणकावर काम करणाऱ्या हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी पडली. तुमच्याच देशात, केंब्रिजला, मॉरिस विल्क्स असा संगणक बांधत आहेत, हे त्यांना तेथे कळले. परतल्यावर लायन्सने विल्क्स यांच्या एडसॅक संगणकासाठी ३,००० पौंड दिले आणि मदतीला आपला एक माणूसही पाठवला. मे १९४९ मध्ये एडसॅक चालू झाला. त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधायचे कंपनीने ठरवले. यंत्राची बाजू जॉन पिंकर्टन यांनी सांभाळली, तर यंत्राला कोणते काम कसे सांगायचे याची जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. यंत्राचे नाव लिओ. सुमारे ६,००० व्हॉल्व्ह आणि पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची स्मृती असा त्याचा पसारा होता. त्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही.

१९५१ च्या अखेरीस लिओवर पहिले नियमित व्यावसायिक काम सुरू झाले. बेकरीत आठवडाभरात तयार झालेल्या मालाचे मूल्य काढण्याचे हे काम होते. पुढे पगारपत्रकाचे काम आले. एका माणसाच्या पगाराचा हिशेब करायला अनुभवी कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद पुरे. या आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु १९५४ मध्ये सुरू झालेले टीशॉपच्या मागणीचे काम अधिक विचारपूर्वक रचलेले होते.

प्रत्येक टीशॉपच्या व्यवस्थापिकेला दुसऱ्या दिवशी किती पाव, किती केक, किती पाय लागतील हे रोज कळवावे लागे. नव्या पद्धतीत वाराप्रमाणे ठरलेली मागणी आधीच कार्डांवर नोंदून ठेवली गेली. ठरलेल्या मागणीत फेर करायचा असेल तेवढाच व्यवस्थापिकेने सांगायचा. त्यासाठी मुख्य कचेरीतूनच तिला ठरल्या वेळी फोन येई. फोनवर बोलणारी मुलगी कानाला यंत्र लावून ऐकता ऐकताच फरकाचे कार्ड पंच करी. कार्डे लिओत गेली की कोणत्या स्वयंपाकघराने काय किती करायचे, कोणत्या दुकानाच्या मालात काय भरायचे आणि गाडीत काय चढवायचे, याच्या याद्या छापून निघत. त्याच आकड्यांतून वरच्या अधिकाऱ्यांसाठी गोषवाराही तयार होई. म्हणजे एकदाच नोंदलेली माहिती तिघाचौघांच्या कामी येत होती. फक्त बदल कळवायचा, हा नियम तर आजही कोणत्याही मागणी व्यवस्थेत शोभून दिसेल.

कॅमिनर यांची शिस्त कडक होती. महत्त्वाची आकडेवारी दोनदा पंच करून पडताळली जाई. बेरजा जुळल्याखेरीज निकाल बाहेर पडत नसे आणि नवे काम जुन्या पद्धतीच्या बरोबरीने चालवून खात्री पटल्यावरच जुने बंद होई. प्रणाली विश्लेषण या नावाने पाठ्यपुस्तकांत जे पुढे प्रकरणवार आले, त्यातला बराच भाग येथे कामाच्या गरजेतून घडला होता. १९५४ मध्ये लायन्सने लिओ कॉम्प्युटर्स ही वेगळी कंपनी काढून हे यंत्र इतरांना विकायलाही सुरुवात केली. तो धंदा फार फोफावला नाही.

अमेरिकेत सुरुवात तशी मागाहून झाली, पण प्रसार झपाट्याने झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या लुइव्हिल येथील कारखान्यात १९५४ मध्ये युनिव्हॅक संगणक पगारपत्रकासाठी बसवला गेला. शास्त्राची मांडणीही अमेरिकेतच झाली. हॅरोल्ड लेविट आणि थॉमस व्हिस्लर यांनी १९५८ च्या एका लेखात, संगणकामुळे १९८० च्या दशकापर्यंत मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांचे महत्त्व घटेल, असे भाकीत केले. हर्बर्ट सायमन यांनी १९६० मध्ये निर्णयांचे दोन प्रकार सांगितले : नियमात बसवता येणारे आणि न येणारे. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापनाच्या कामाचे तीन थर पाडले : दूरचे नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दैनंदिन कामकाजाचे नियंत्रण. अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये या दोन मांडण्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून एक चौकट बनवली. या चौकटीत टीशॉपची रोजची मागणी एका कोपऱ्यात पडते, तर नवे दुकान कोठे काढावे हा निर्णय थेट विरुद्ध कोपऱ्यात. पहिल्यासाठी यंत्राने उत्तरच द्यावे. दुसऱ्यासाठी त्याने फार तर मदत करावी. अजूनही अनेक पाठ्यपुस्तकांत ही चौकट असते आणि परीक्षेत ती काढायला सांगतात.

वर्गात हा विषय तीन ठिकाणी जवळपास एकाच सुमारास आला. स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफोर्स यांनी स्टॉकहोम येथे माहिती प्रणालींचे अध्यापन सुरू केले. त्यांचा १९६६ चा सैद्धांतिक ग्रंथ वाचायला अवघड असला तरी पायाभूत आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस औपचारिक अभ्यासक्रम आणि संशोधन केंद्र उभे केले. लंडनमध्ये तर लायन्सचा धागा थेट विद्यापीठात पोहोचला. १९५२ साली लायन्समध्ये नोकरीला लागलेले आणि लिओवर काम केलेले फ्रँक लँड १९६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि तेथे प्रणाली विश्लेषणाचे अध्यापन त्यांनी उभारले. मिनेसोटाच्या तुलनेत या इंग्लिश शाखेचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच होतो, आणि तो होत नाही हे बरे नव्हे.

विषय अंग धरतो न धरतो तोच त्यावर टीकेची झोड उठली. रसेल अॅकॉफ यांनी १९६७ मध्ये एक छोटा लेख लिहिला. व्यवस्थापकाला माहिती कमी पडते, हे गृहीतच चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. निरुपयोगी माहितीच्या ढिगाखाली तो दबलेला असतो. त्याला काय हवे असे विचारले तर तो सगळेच मागतो, कारण नेमके काय लागेल हे त्याचे त्यालाच उमगलेले नसते. शिवाय प्रणाली कशी चालते हे न समजता तिच्यावर विसंबणारा व्यवस्थापक आपला ताबाच दुसऱ्याच्या हाती देऊन बसतो. पुढे १९७२ मध्ये जॉन डिअर्डन यांनी संपूर्ण संस्थेसाठी एकच एकसंध माहिती प्रणाली ही कल्पना म्हणजे मृगजळ आहे, असे लिहिले. या आक्षेपांनी विषय मेला नाही, उलट शहाणा झाला. अॅकॉफ यांचा लेख आज त्याच विषयाच्या वर्गात वाचायला देतात.

डेव्हिस यांचे पाठ्यपुस्तक १९७४ मध्ये आले आणि त्याने अभ्यासक्रमाला स्थिर रूप दिले. १९८५ ची सुधारित आवृत्ती त्यांनी मार्ग्रेथ ओल्सन यांच्यासह लिहिली. मिनेसोटातूनच १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक निघाले आणि १९८० मध्ये फिलाडेल्फियात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

भारतात व्यवसायासाठीचा पहिला संगणक मुंबईत आला. तेलाच्या व्यापारातील एसो कंपनीने १९६१ मध्ये आयबीएम १४०१ बसवला. पण यंत्र आले म्हणजे त्याला रान मोकळे मिळाले असे नव्हे. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकीकरणाला कर्मचारी संघटनांनी, विशेषतः कोलकात्यात, कडवा विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती निराधार नव्हती. स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे बँकांत १९८३ चा कर्मचाऱ्यांशी झालेला करार आणि सी. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल यांनी यांत्रिकीकरणाची वाट मोकळी केली, आणि शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. एमआयएस शिकून बाहेर पडणाऱ्यांना देशातच मोठ्या प्रमाणावर काम मिळण्याची शक्यता यानंतरची. व्यवस्थापन संस्थांत सुरुवातीला अमेरिकन पुस्तकेच चालत. पुढे वामन जावडेकर यांच्यासारख्या भारतीय लेखकांची पाठ्यपुस्तके आली आणि उदाहरणांत भारतीय कारखाने व बँका दिसू लागल्या.

दरम्यान विषयाचा पोत बदलत गेला. टेबलावरचे संगणक, मग सर्व खात्यांना जोडणारे ईआरपी, मग इंटरनेट अशी प्रत्येक लाट अभ्यासक्रमात एक प्रकरण वाढवून गेली. जुने प्रकरण मात्र सहसा कोणी काढले नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तके जाडजूड झाली. विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग यावे की नको, हा वाद तर पहिल्यापासूनचा. संगणक आणि माहिती प्रणाली क्षेत्रातील व्यावसायिक संघटनांनी तयार केलेल्या २०१० च्या नमुना अभ्यासक्रमात माहिती प्रणालींची मूलतत्त्वे हा प्रवेश-अभ्यासक्रम गाभ्यात ठेवला गेला, तर प्रोग्रॅमिंग गाभ्यातून वगळून ऐच्छिक केले गेले. त्यावर बराच गदारोळ झाला. २०२० च्या आवृत्तीत प्रोग्रॅमिंग पुन्हा आवश्यक ठरले.