महाराष्ट्रीयांचीं नखें

वात्स्यायनाच्या कामसूत्रांत आपल्या नखांविषयीं एक वाक्य आहे, तें फारसें कोणाच्या ध्यानांत राहिलेलें दिसत नाहीं. ग्रंथाचा विषयच असा कीं, तो चारचौघांत उघडून बसण्याची आपल्याकडे चाल नाहीं. आणि जे एकांतांत तो वाचतात त्यांचें लक्ष देशोदेशींच्या नखांकडे जाण्याचा संभव थोडा. दुसऱ्या अधिकरणाच्या चवथ्या अध्यायांत ग्रंथकार सांगतो कीं, गौडांचीं, म्हणजे बंगाल्यांचीं, नखें लांब असतात. तीं हाताला शोभा देतात आणि पाहणाऱ्या स्त्रियांचीं मनें ओढून घेतात. दाक्षिणात्यांचीं आखूड, पण कामाला टिकणारीं असतात. महाराष्ट्रीयांचीं मध्यम; त्यांत दोहोंचेहि गुण आहेत. हा शेरा केवळ नखांपुरता आहे कीं आपल्या एकंदर स्वभावालाहि लागू पडतो, याचा विचार वाचकांनींच करावा.

वात्स्यायनाचा काळ सामान्यतः इसवी सनाचें तिसरें शतक हा धरतात. कुंतल शातकर्णि या सातवाहन राजाची एक दुःखद हकीकत त्याच्या ग्रंथांत आली आहे, तेव्हां गोदावरीकांठचें जग त्याला निदान ऐकून ठाऊक होतें. नखांचे गुणहि त्यानें सांगितले आहेत. नखावरील रेषा सरळ असाव्यात, पृष्ठ सपाट असावें, नख उजळ असावें, मळकट नसावें, चिरलेलें नसावें, वाढतें असावें, आणि दिसण्यांत मऊ व तुकतुकीत असावें. आजच्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला निरोगी नखाचीं लक्षणें विचारलीं तर तोहि बहुतेक हींच सांगेल. एवढ्यावर ग्रंथकार थांबत नाहीं. उत्कट स्वभावाच्या स्त्रीपुरुषांनीं डाव्या हाताचीं नखें नुकतींच टोंकदार केलेलीं, दोन किंवा तीन शिखरांचीं राखावींत, असें तो सांगतो. नखांना आकार देण्याची कला काल-परवां परदेशांतून आली असें समजणाऱ्यांनीं हें वाक्य अवश्य पाहावें. नखांनीं उमटणाऱ्या चिन्हांचीं जीं आठ नांवें त्यानें दिलीं आहेत त्यांत अर्धचंद्र आहे, मयूरपदक आहे, आणि व्याघ्रनखहि आहे. या शेवटच्या नांवाचें शस्त्र पुढें महाराष्ट्राच्या इतिहासांत किती निराळ्या प्रसंगीं आलें हें सांगावयास नको. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडच्या पायथ्याचा प्रसंग शाळेंतील मुलांनाहि पाठ असतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास आलीं, तेव्हां तीं त्याच प्रसंगाचीं कीं दुसरीं, हा वाद पुन्हा उसळला. प्रस्तुत विषय हाडामांसाच्या हाताचा असल्यामुळें त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं.

वात्स्यायनाच्या त्या वाक्यांत खरें महत्त्वाचें आहे तें दाक्षिणात्यांविषयींचें विशेषण. आखूड नख कामाला टिकतें, असें तो म्हणतो. अर्थात् लांब नख टिकत नाहीं, हें त्याला ठाऊक आहे. ज्या हाताला काम नाहीं त्याच्याच नखाला वाढण्याची मुभा मिळते. चीन देशांत विद्वान् व अधिकारी लोक लांब नखें राखीत, तीं हाताला श्रम नाहींत याची खूण म्हणूनच. तेथील राजमाता त्सु-शी ही १९०८ सालीं वारली. तिचीं १९०३-०४ च्या सुमारास घेतलेलीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत, त्यांत तिच्या बोटांवर लांब, निमुळते नखकोश स्पष्ट दिसतात. नख मोडूं नये म्हणून त्याला चिलखत! आपल्याकडे एवढें वैभव नव्हतें. पण करंगळीचें एकच नख वाढवून चहाची बशी धरतांना तें जरासें पुढें करणारे गृहस्थ आमच्या पिढीनें पुष्कळ पाहिले आहेत. नांगर धरणाऱ्याच्या करंगळीला तें नख कधीं दिसलें नाहीं.

आपल्या परंपरेंत मात्र लांब नखाला आणखी एक वाली आहे, आणि तो पहिल्याच्या अगदीं उलट आहे. मनूनें वानप्रस्थाला जटा, दाढी आणि नखें राखावयास सांगितलीं आहेत. गृहस्थानें केस व नखें कापलेलीं ठेवावींत, मात्र दांतांनीं नखें तोडूं नयेत, असाहि त्याचा दंडक आहे. चरक तर हिशेबच देतो: पंधरवड्यांत तीन वेळां. म्हणजे विलासी नागरक आणि अरण्यांतला तपस्वी हे दोघे नखांच्या बाबतींत एका पंक्तीला, आणि मधला सगळा संसारी लोक नराणीच्या स्वाधीन. गांवच्या बलुत्यांत न्हावी होता. त्याच्या धोकटींत वस्तऱ्याशेजारीं नराणी असे. जिव्हाळीला धक्का न लावतां नख उतरविणें हें हातोटीचें काम होतें, आणि ज्याला तें साधत नसे त्याच्या गिऱ्हाइकाला नखुरडें ठरलेलें. सुतकांत नखें वाढूं द्यावयाचीं व दहाव्या दिवशीं क्षौर करून पुन्हा संसारांत यावयाचें, या रूढींतहि तीच दृष्टि आहे: वाढलेलें नख म्हणजे माणूस कांहीं काळ नेहमीच्या व्यवहाराबाहेर आहे.

परभणी जिल्ह्यांत राहणाऱ्याला नखांची गोष्ट निघाली कीं पोखर्णीचा नृसिंह आठवल्यावांचून राहत नाहीं. परभणीजवळच्या त्या गांवीं नृसिंहाचें जुनें देऊळ आहे, आणि अनेक घराण्यांचें तें कुलदैवत आहे. हिरण्यकशिपूनें मागितलेला वर सर्वांना माहीत आहे: घरांत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्रीं नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्रानें नको. भागवतांत त्यांत आणखी एक अट आहे, सजीवाकडून नको आणि निर्जीवाकडूनहि नको. या साऱ्या अटींतून जी एक वस्तु सुटली ती नख. परंपरेनें याचा उलगडा असा केला आहे कीं, नख हें धड जिवंतहि नाहीं आणि धड मृतहि नाहीं. शरीरशास्त्र याहून निराळें कांहीं सांगत नाहीं. कातडीखालीं नखाचें मूळ जिवंत असतें. तेथें पेशी तयार होतात, कठीण होतात, मरतात आणि पुढें ढकलल्या जातात. आपण रंगवितों, घासतों, कापतों तो भाग निर्जीव केराटिनाचा असतो. म्हणूनच तो कापतांना दुखत नाहीं, आणि म्हणूनच एकदां चिरला तर पुन्हा सांधतहि नाहीं.

याच जिल्ह्यांतलें गंगाखेड हें जनाबाईचें गांव. नामदेवांच्या घरीं ती दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा हें तिचें आयुष्य. तिच्या नांवावर असलेल्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेणी वेंचतो. जात्याचा खुंटा धरणाऱ्या हाताला नख राखतां येत नाहीं; तें आपोआपच झिजतें. वात्स्यायनाच्या वर्गवारींत हा हात कोठें बसतो? महाराष्ट्रीयांचीं नखें मध्यम, असें त्यानें लिहिलें तें नागरकांना समोर ठेवून. गोदावरीच्या खोऱ्यांतलें खरें चित्र त्याहून हालाच्या गाथासप्तशतींत अधिक सांपडतें. तेथें प्रियकराच्या नखांच्या खुणा आहेत, तशींच कापसाचीं शेतेंहि आहेत, आणि दोन्हीं एकाच माणसांच्या आयुष्यांत आहेत.

कापूस हें आजहि आमच्या काळ्या जमिनीचें मोठें पीक. त्याची वेंचणी मुख्यतः बायकांच्या हातीं असते आणि ती बोटांच्या अग्रांनीं होते. उमललेल्या बोंडाचीं वाळलेलीं टोंकें कडक व अणकुचीदार असतात. तीं नखाच्या कडेला, जेथें मांस कोंवळें असतें तेथें, नेमकीं टोंचतात. नख लांब असेल तर बोंडांत अडकून मुडपतें. वेंचणीच्या दिवसांत त्या हातांकडे एकदां पाहिलें म्हणजे आखूड नख टिकतें हें शास्त्रवचन कोणी निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

आणि आतां या कापसाचाच पुढचा प्रवास पाहा. १८४६ च्या सुमारास बाझलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया घडवून एक स्फोटक पदार्थ करतां आला. त्या नायट्रोसेल्युलोजपासून पुढें सुरुंगाची दारू झाली, सिनेमाची फीत झाली, मोटारगाड्यांचा चकाकणारा रंग झाला, आणि विसाव्या शतकांत नखांवर लावण्याचें रोगणहि झालें. आजहि बाटलींतल्या नेलपॉलिशला जी चकाकणारी पापुद्र्यासारखी पकड असते ती बहुतेक याच पदार्थामुळें. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो, किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड लवेपासून होतो. म्हणजे लांब नखाला जो झगझगीतपणा येतो त्याचें एक मूळ अशा शेतांत आहे, जेथें कोणाचेंच नख लांब असूं शकत नाहीं. व्यापाराच्या इतिहासांत असे योग पुष्कळ आढळतात. नीळ पिकविणाऱ्याच्या अंगावर निळें वस्त्र क्वचितच असे.

आपल्या देशांत सौंदर्यप्रसाधनें देशींच तयार व्हावींत म्हणून टाटांनीं लॅक्मे ही कंपनी काढली ती १९५२ सालीं. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पुण्यांतल्या एका शाळकरी मुलानें डाव्या हाताचीं नखें कापणें बंद केलें. हे श्रीधर चिल्लाळ, जन्म १९३७. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, शाळेंत त्यांच्याकडून एका शिक्षकांचें जपून वाढविलेलें नख चुकून मोडलें. शिक्षक रागावले, आणि एखादी गोष्ट निष्ठेनें जपणें म्हणजे काय तें तुम्हांला कळावयाचें नाहीं, अशा अर्थाचें बोलले. मुलानें तें आव्हान समजून घेतलें आणि सहासष्ट वर्षें पाळलें. उजव्या हाताचीं नखें ते कापीत. त्या हातानें संसार केला, छायाचित्रकाराचा धंदा केला. डाव्या हाताच्या पांच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. आंगठ्याचें नख १९७.८, तर्जनीचें १६४.५, मधल्या बोटाचें १८६.६, अनामिकेचें १८१.६ आणि करंगळीचें १७९.१. आंगठ्याच्या आंकड्याला सहासष्टांनीं भागलें तर वर्षाला सुमारें तीन सेंटिमीटर येतात, म्हणजे महिन्याला अडीच मिलिमीटर. हाताचें नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतें असें वैद्यक सांगतें. तेव्हां झीज, वळणें आणि वय धरलें तर हिशेब नीट जुळतो.

या विक्रमाची किंमतहि नोंदविली पाहिजे. लांब नख वळत जातें, तसें तें ठिसूळ होतें. आंगठ्याचें तर वेटोळें झालें होतें. झोंपेंत कूस बदलतांना हात आधीं उचलून दुसरीकडे ठेवावा लागे. लग्न जमतांना कित्येक घरांनीं नकार दिला होता. बोटें मिटेनाशीं झालीं, मनगट अधू झालें. ११ जुलै २०१८ रोजीं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रिप्लीच्या प्रदर्शनांत यंत्रानें तीं नखें कापण्यांत आलीं व तेथेंच ठेवण्यांत आलीं. पण हात पूर्वीसारखा मिटूं शकला नाहीं. ही हकीकत ऐकून हंसणारे बरेच भेटतात. मला हंसूं येत नाहीं. विलासी माणसाचें लांब नख आणि व्रतस्थाचें लांब नख यांपैकीं हें दुसऱ्या जातीचें होतें. फरक एवढाच कीं, वानप्रस्थाला अरण्य होतें, आणि हे गृहस्थ गर्दीच्या गाडींतून कामावर जात होते.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि आतां नखें रंगवून व कृत्रिम नखें बसवून देणारीं दुकानें निघालीं आहेत. बदामी, चौकोनी, टोंकदार असे आकार आहेत. टोंकाला पांढरी पट्टी, मोरपिसें, वेलबुट्टी, लग्नांत नवरीच्या शालूच्या रंगाचे खडे. प्राध्यापकांच्या खोलींत यावर ठरलेला प्रश्न निघतो: असल्या नखांनीं या मुली भाकरी कशी थापणार? प्रश्न विचारणाऱ्यानें स्वतः जन्मांत भाकरी थापलेली नसते. त्याच्या आजोबांच्या करंगळीच्या नखाला हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. मुलगी संगणकाच्या कळा दाबून पगार मिळवीत असेल, तर तिचें नख किती लांब असावें हा तिचा व तिच्या कळांचा प्रश्न आहे. रुग्णालयांतील परिचारिकेची गोष्ट वेगळी. तेथें नख अर्ध्या सेंटिमीटरहून लहान असावें आणि कृत्रिम नख नसावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, कारण नखाखालीं जंतु टिकून राहतात. ज्यांना लांब नखें हवींत त्यांनीं एवढें पाळावें: नखाच्या मुळाची पातळ कातडी कापूं नये, कारण तीच जंतूंना अडविते, कानस एकाच दिशेनें फिरवावी, फार वेळ पाण्यांत हात ठेवल्यास नंतर तेल लावावें, कारण फुगणें आणि आटणें यानेंच नख चिरतें, आणि घट्ट बसलेला रंग ओढून काढूं नये, त्याबरोबर नखाचा वरचा थर निघून येतो.

खेड्यांतल्या बायकांची रीत याहून जुनी आणि स्वस्त. पंचमीला मेंदीचा पाला वाटून बोटांच्या टोंकांवर थापावयाचा. तळव्यावरचा रंग पंधरा दिवसांत उडतो, नखावरचा उडत नाहीं. तो नखाबरोबर पुढें सरकतो. श्रावणांत सबंध नख लाल असतें. कार्तिकांत वेंचणी भरांत येते तेव्हां लाली टोंकाच्या बाजूला उरलेली असते आणि मुळाकडून कोरें नख वर आलेलें असतें. पाटी भरतां भरतां तिचा कांहीं भाग मोडतो, कांहीं कापला जातो. संक्रांतीच्या वाणाला हात पुढें येतो तेव्हां नखाच्या कडेवर लालीची एक बारीक रेघ तेवढी असते, तीहि असली तर.