घरगुती छतावरील सौरवीज (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)
घराच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून केलेली वीजनिर्मिती. पॅनेलमधील एकदिश प्रवाह इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो. वापरून उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते आणि नेट मीटरवर तिची नोंद होऊन बिलात वजावट मिळते. एक किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते व दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. वीज गेली की साधी, बॅटरीविना यंत्रणाही बंद पडते. वाहिनीवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते, पण अनेक ग्राहकांना ती उशिरा कळते.

हा भाग सुमारे 18.6 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणेकडे थोडे कलते ठेवतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यातील बराच काळ ढगाळ असल्याने नुकसान थोडेच. लडाखसारख्या हिमप्रदेशात थंडी पॅनेलला मानवते, अडचण साचलेल्या बर्फाची असते. इथे उलट: पॅनेलचे तापमान 25 अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. बर्फाची जागा घेते ती कोरड्या महिन्यांतील धूळ. बांधकामे, अवजड वाहतूक आणि कारखाने यांमुळे नियमित धुणे अटळ ठरते.

2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅट व त्यापुढील घरगुती यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान ठरवण्यात आले. उंच इमारतींत गच्ची सामाईक असल्याने तेथील वीज बहुधा लिफ्ट, पंप व जिन्यातील दिव्यांसाठी वापरली जाते.